वाचकांचे प्रश्न : कॅल्क्युलेटरचे मोड आणि आकड्यांची मांडणी

परीक्षा जवळ आल्या की या सदराच्या टपालात कॅल्क्युलेटर डोकावतोच. या खेपेस आलेली बहुतेक पत्रं दोन यंत्रांभोवती फिरतात. एक आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) मुलांच्या दप्तरातला आलेख काढणारा टीआय-८४ प्लस आणि दुसरा इंजिनिअरिंगच्या पोरांचा कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस. खाली दिलेली बटणं याच दोघांची आहेत. नव्या आवृत्त्यांत मेनूची मांडणी बदलली आहे, पण सेटिंगची नावं बहुतेक तीच राहिली आहेत. दुकानातल्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरबद्दलही एक पत्र आहे, त्यालाही जागा दिली आहे.

मुलगी आयबीला आहे. वरच्या वर्गातल्या मुलाकडून टीआय-८४ प्लस घेतला. साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं, तर −.९८८ येतंय. शिवाय साइनचा आलेख काढला की सपाट रेघ येते, असंही ती म्हणते. यंत्र परत करावं का?
– एक पालक, मुलुंड

परत करू नका, यंत्र ठणठणीत आहे. ते रेडियनमध्ये, म्हणजे अंशांऐवजी कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, लावलेलं आहे, म्हणून ३० म्हणजे ३० रेडियन असं धरतंय. ३० रेडियन म्हणजे जवळजवळ १७१९ अंश, पावणेपाच फेऱ्यांहून थोडं जास्त. त्या कोनाचा साइन −.९८८ हाच आहे.

‘मोड’ दाबा. ‘रेडियन’ आणि ‘डिग्री’ हे शब्द शेजारी-शेजारी असलेली ओळ दिसेल. बाणाच्या बटणांनी ‘डिग्री’वर जा आणि ‘एंटर’ दाबा. मग ‘सेकंड’ आणि ‘मोड’ दाबून बाहेर या. नव्वद टक्के मुलं चुकतात ती ‘एंटर’पाशी. बाण ‘डिग्री’वर नेला की तो शब्द लुकलुकतो, मुलांना वाटतं झालं काम, आणि ती बाहेर पडतात. लुकलुकणं म्हणजे तुम्ही तिथे उभे आहात, एवढंच. निवड झाली की त्या शब्दामागची पार्श्वभूमी गडद होते आणि बाण हलवला तरी गडदच राहते. या पडद्यावरच्या प्रत्येक ओळीला हाच नियम लागू आहे.

आता सपाट रेघेबद्दल. बहुधा कोणीतरी मध्येच डिग्री लावून पाहिली असणार. ‘झूम’मधला ६ क्रमांक आडव्या अक्षावर −१० ते १० एवढीच पट्टी दाखवतो. डिग्रीत असताना ती पट्टी म्हणजे वीस अंश झाले. साइन १० अंश म्हणजे ०.१७, आणि उभा अक्षही −१० ते १०. एवढासा चढ तिथे कसा दिसणार? रेघ अक्षाला चिकटते. ‘झूम’मध्ये ७ क्रमांक निवडा. तो त्रिकोणमितीसाठीच आहे, लावलेलं एकक ओळखून जवळजवळ एक पूर्ण फेरी डावीकडे आणि एक उजवीकडे दाखवतो.

मग कुठलं एकक कायम ठेवायचं? त्रिकोणाच्या बाजू-कोनांच्या गणितात अंश दिलेले असतात, तिथे डिग्री. कॅल्क्युलसमध्ये मात्र रेडियनच, यात चर्चेला जागा नाही. ‘मॅथ’ मेनूतला ८ क्रमांक विकलन काढतो. त्याला साइन एक्सचं शून्यापाशी विकलन विचारा. रेडियनमध्ये १ येईल, डिग्रीत .०१७४५ येईल. हा दुसरा आकडा म्हणजे पाय भागिले १८०. मुलीच्या उत्तरात हा .०१७४५ चा गुणक कुठेही डोकावला, तर दोष तिच्या गणितात शोधू नका, मोड पाहा.

सारखं इकडून तिकडे जायचा कंटाळा येत असेल तर रेडियनमध्येच ठेवा आणि अंशाचा कोन आला की त्याच्यापुढे अंशाची खूण लावा. ‘सेकंड’ आणि ‘अ‍ॅप्स’ दाबलं की कोनांचा मेनू उघडतो, पहिलीच खूण अंशाची. मग रेडियन मोडमध्येही साइन ३०° चं उत्तर .५ येतं.

माझ्या ९९१ईएस प्लसवर साइन ३० चं उत्तर ०.४५३९ येतं. हे रेडियनही नाही आणि डिग्रीही नाही!
– डिप्लोमाचा विद्यार्थी, भांडुप

तिसरं एकक आहे ते, ग्रेड. काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग. आपल्याकडे ते कोणी वापरत नाही, पण बटण मात्र शेजारी आहे. ‘शिफ्ट’ आणि ‘मोड’ दाबल्यावर ३ म्हणजे डिग्री, ४ म्हणजे रेडियन, ५ म्हणजे ग्रेड. घाईत बोट घसरलं. ३ दाब. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीक अक्षर असतं, डी, आर किंवा जी. पेपर हातात पडायच्या आधी त्यावर नजर टाकायची सवय लाव.

सोसायटीचा खजिनदार आहे. पाण्याच्या टँकरचे १८,५०० रुपये २४ घरांत वाटायचे होते. ९९१ वर दोन दशांश स्थळं लावली, प्रत्येकी ७७०.८३ आले. त्याला २४ ने गुणलं तर यंत्र १८,५००.०० दाखवतं. पण पावत्यांची बेरीज १८,४९९.९२ होते. हिशोब तपासणारे सभासद विचारतात, आठ पैसे कुठे गेले?
– गोरेगाव (पूर्व)

सोसायटीच्या सभेत आठ पैशांवरून अर्धा तास जाऊ शकतो, म्हणून सविस्तर सांगतो.

१८,५०० भागिले २४ म्हणजे ७७०.८३३३३… ‘फिक्स २’ लावल्यावर यंत्र फक्त दाखवताना दोन स्थळांवर थांबतं. आतमध्ये मात्र सगळी ३ ची रांग तशीच असते. पुढचा गुणाकार होतो तो आतल्या आकड्याचा, म्हणून पूर्ण १८,५०० परत येतात. पावतीवर तुम्ही लिहिलं ७७०.८३. त्याची २४ पट १८,४९९.९२. यंत्राचा आणि पावत्यांचा हिशोब दोन वेगवेगळ्या आकड्यांचा आहे आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पावत्यांशी जुळणारा हिशोब यंत्राकडून हवा असेल तर ‘आरएनडी’ वापरा, म्हणजे ‘शिफ्ट’ आणि ०. क्रम असा: ‘शिफ्ट’, ‘मोड’, ६, २ करून फिक्स २ लावा.  मग ‘शिफ्ट’ ० दाबून उघडलेल्या कंसात १८५०० भागिले २४ लिहा, कंस बंद करा आणि ‘बरोबर’चं चिन्ह दाबा. या क्षणी आतला आकडाही ७७०.८३ वर कापला जातो. आता गुणिले २४ करा, १८४९९.९२ दिसेल. राहिलेले आठ पैसे एका घराच्या पावतीत घाला किंवा सरळ ७७१ रुपये आकारून वरचे चार रुपये पुढच्या महिन्यात धरा. दुसरा उपाय आम्हाला बरा वाटतो, सुट्ट्या पैशांची नाणी आता शोधायची कुठे?

टीआयवर हेच काम ‘मॅथ’ मेनूच्या ‘नम’ या विभागातलं ‘राउंड’ करतं. त्यात आकडा, स्वल्पविराम आणि २ लिहायचं. ‘मोड’मधल्या ‘फ्लोट’च्या ओळीतला २ मात्र कॅसिओच्या फिक्ससारखाच आहे, दिसण्यापुरता. हे यंत्र दहा अंक दाखवतं आणि आत चौदा सांभाळतं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी याच्या नेमकं उलट वागायचं. मधल्या पायरीचं उत्तर वहीत तीन अंकांत लिहिलं तरी पुढच्या पायरीत तेच तीन अंक पुन्हा टाइप करू नका. ‘अ‍ॅन्स’ दाबा. आत सांभाळलेले अंक पुढे जातात आणि शेवटचा अंक हलत नाही.

वर्गात सर म्हणतात उत्तर तीन सार्थ अंकांत द्या. मैत्रिणीच्या कॅसिओवर ‘साय ३’ लावलं की बरोबर येतं. मी माझ्या टीआयवर तसंच केलं तर चार अंक येतात. का?
– आयबीची विद्यार्थिनी, विलेपार्ले

कारण दोन कंपन्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. ‘साय’ म्हणजे दहाच्या घातासह वैज्ञानिक मांडणी. कॅसिओच्या ‘साय’पुढचा आकडा एकूण सार्थ अंक सांगतो. टीआयमध्ये ‘साय’ वेगळ्या ओळीत आणि अंकांची संख्या ‘फ्लोट’च्या ओळीत, आणि ती संख्या दशांश चिन्हानंतरचे अंक मोजते. चिन्हाआधीचा एक अंक त्यात धरलेला नसतो. म्हणून तीन सार्थ अंकांसाठी टीआयवर ‘साय’ निवडून खालच्या ओळीत २ लावायचे. १ भागिले ७ करून बघ. कॅसिओच्या साय ३ मध्ये १.४३ × १०⁻¹ आणि टीआयच्या साय-२ मध्ये १.४३ई−१. दोन्हींचा अर्थ एकच.

तो ‘ई’ मात्र उत्तरपत्रिकेत उतरवू नकोस. ती यंत्राची लिपी आहे. वहीत × १० चा घात असंच लिहायचं. आयबीत उत्तर अचूक रूपात किंवा तीन सार्थ अंकांत द्यायचं असतं, प्रश्नात वेगळं सांगितलं नसेल तर. तेव्हा अर्धा, मूळ तीन, पाय भागिले चार अशी उत्तरं उगाच दशांशात नेऊ नकोस.

अजून एक. कॅसिओत ‘साय ०’ म्हणजे शून्य अंक नव्हेत, दहा अंक.

१ भागिले २०० केलं की कधी ०.००५ येतं, कधी ५ × १०⁻³. एकाच वर्गात दोन कॅल्क्युलेटर दोन उत्तरं दाखवतात.
– क्लास चालवणारे एक शिक्षक, दादर

‘नॉर्म १’ आणि ‘नॉर्म २’चा फरक. नॉर्म १ मध्ये आकडा ०.०१ पेक्षा लहान झाला की यंत्र घातांकात जातं. नॉर्म २ मध्ये ते ०.०००००००००१ च्या दहापट, म्हणजे दहाचा उणे नववा घात इतक्या खाली जाईपर्यंत साधा दशांश दाखवतं. वरची मर्यादा दोन्हींत सारखी, दहाचा दहावा घात. ‘शिफ्ट’, ‘मोड’, ८ आणि मग १ किंवा २. शाळकरी मुलांसाठी नॉर्म २ बरा, शून्यं दिसतात म्हणून धीर येतो. रसायनशास्त्रात नॉर्म १ ठेवा, शून्यं मोजताना चुकण्यापेक्षा घात वाचलेला परवडतो. टीआयच्या ‘नॉर्मल’ची खालची मर्यादा .००१ आहे, ती बदलत नाही.

कॅसिओवर काही मुलांना ०.००५ ऐवजी १/२०० असा अपूर्णांक दिसेल. तो ‘मॅथ-आयओ’चा प्रकार. ‘एस-डी’ बटण दाबलं की दशांश येतो. कायमचाच दशांश हवा असेल तर ‘शिफ्ट’, ‘मोड’, २ करून ‘लाइन-आयओ’ लावा.

घातांक टाइप करताना होणारी एक चूक इतकी सर्रास आहे की इथेच सांगून टाकतो. अ‍ॅव्होगाड्रोची संख्या टाकताना मुलं ६.०२, गुणिले, १०, मग घातांकाचं खास बटण आणि २३ असं दाबतात. त्या खास बटणात ‘गुणिले दहाचा घात’ आधीच आहे. त्यामुळे उत्तर दहापट मोठं येतं. ६.०२, खास बटण, २३, एवढंच. टीआयवर ते ‘सेकंड’ आणि स्वल्पविराम असं आहे. आणि हे बटण टाळून १ ÷ ४ × १० चा घात ३ असं सुटंसुटं लिहिलंत तर यंत्र डावीकडून उजवीकडे जात २५० देतं. खास बटणाने ४ आणि ३ जोडलं तर ४००० हा एकच आकडा समजला जातो आणि उत्तर ०.०००२५ येतं. दोन उत्तरांत दहा लाखपट फरक, आणि कंस न दिल्याची तक्रार यंत्र करत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये उत्तर ४.७ × १०⁻⁴ फॅरड येतं. ते मायक्रोमध्ये कसं वाचायचं?
– चेंबूर

‘ईएनजी’ बटण एकदा दाब. ४७० × १०⁻⁶ होईल, म्हणजे ४७० मायक्रोफॅरड. हे बटण घात नेहमी तीनच्या पटीत आणतं, त्यामुळे मिली, मायक्रो, नॅनो सरळ वाचता येतात. पुन्हा दाबलंस तर ४७०००० × १०⁻⁹ होईल. उलट दिशेने जायला ‘शिफ्ट’ लावून तेच बटण. किंमत कुठेच बदलत नाही. टीआयवर ‘मोड’मध्ये ‘ईएनजी’ निवडून ठेवलं की प्रत्येक उत्तर तसंच येतं. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर ‘चार पॉइंट सात गुणिले दहाचा उणे चारवा घात’ मागितलास तर दुकानदार मान वर करून बघेल.

उणे चारचं वर्गमूळ काढलं की ‘मॅथ एरर’ येतं. संमिश्र संख्या चालतात असं पुस्तकात आहे. शिवाय ३ + ४आय ध्रुवीय रूपात नेलं तर कोन कधी ५३.१३ येतो, कधी ०.९२७.
– इलेक्ट्रिकल, दुसरं वर्ष, माटुंगा

९९१ वर ‘मोड’, २. आता संमिश्र मोड लागला, वर तशी खूण दिसेल. या मोडमध्ये ‘आय’ हे अक्षर ‘ईएनजी’च्या बटणावर येतं. ३ + ४आय लिहून ‘शिफ्ट’, २, ३ दाबा आणि मग ‘बरोबर’. लांबी ५ आणि कोन मिळेल. ‘शिफ्ट’, २, ४ ने परत आडवं-उभं रूप. कोन अंशांत की रेडियनमध्ये, हे पुन्हा त्या बारीक डी-आरवर ठरतं. ५३.१३ अंश आणि ०.९२७ रेडियन एकच आहेत. इम्पीडन्सची गणितं करताना डिग्री ठेवा आणि काम झालं की ‘मोड’, १ करून साध्या मोडवर परत या.

टीआयवर ‘मोड’मध्ये ‘रिअल’ निवडलेलं असेल तर वर्गमूळ वास्तव नसल्याची चूक दाखवतं. शेजारचं ‘ए अधिक बीआय’ निवडा, उणे चारचं वर्गमूळ २आय येईल. उणे टाकताना वजाबाकीचं बटण वापरू नका, खालच्या ओळीतलं कंसातलं उणे वापरा. वजाबाकीने सुरुवात केलीत तर यंत्र मागचं उत्तर पुढे ओढून त्यातून वजा करायला लागतं.

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये कोन ७२ अंश १५ मिनिटं ४० सेकंद होता. मी ७२.१५४० टाकलं, सगळं बिघडलं.
– सिव्हिल, बोरिवली

बिघडणारच. मिनिटं साठाची असतात, दशांश शंभराचा. खरा आकडा ७२.२६११ आहे. ९९१ वर अंश-मिनिटांच्या खुणांचं बटण आहे. ७२, ते बटण, १५, ते बटण, ४०, ते बटण, मग ‘बरोबर’. नंतर तेच बटण पुन्हा दाबलं की दशांश रूप आणि पुन्हा दाबलं की मूळ रूप. टीआयवर अंश आणि मिनिटांच्या खुणा कोनांच्या मेनूत आहेत, सेकंदाची खूण ‘अल्फा’ आणि अधिकचं चिन्ह दाबून येते. उत्तर अंश-मिनिट-सेकंदांत हवं असेल तर त्याच मेनूतला ४ क्रमांक.

दुकानातला टेबलावरचा कॅल्क्युलेटर अचानक १२५ अधिक २५० म्हणजे ३.७५ दाखवायला लागला. शिवाय कॉम्प्युटरच्या बिलात आणि त्याच्यात एका पैशाचा फरक येतो.
– होलसेल व्यापारी, मशीद बंदर

पुसताना स्लायडर सरकला. वरच्या बाजूला दशांशाची पट्टी असते, त्यावर एफ, काही अंक आणि टोकाला ‘ए’ किंवा ‘अ‍ॅड २’. काटा या टोकाला गेला की बेरीज-वजाबाकीत टाकलेल्या आकड्याचे शेवटचे दोन अंक पैसे धरले जातात. रोख मोजणाऱ्यांसाठी सोय आहे ती, टिंब दाबायचं वाचतं. तुम्हाला नको असेल तर काटा एफवर किंवा २ वर आणा.

एका पैशाचं कारण शेजारच्या पट्टीत. १९९ रुपयांच्या मालावर अडीच टक्के सीजीएसटी म्हणजे ४.९७५. पट्टी ‘५/४’वर असेल तर ४.९८ येतं, ‘कट’वर असेल तर ४.९७. बिलाच्या सॉफ्टवेअरने पाच वर नेले, तुमच्या यंत्राने कापले. ‘५/४’वर ठेवा. दशांशाची पट्टी एफवर असेल तर यंत्र काहीच पूर्णांकित करत नाही, तिसरा अंकही दाखवतं.

७ भागिले २ चं उत्तर ३ येतंय.
– एसएमएसएवढं पत्र, कांजूरमार्ग

बेस-एन मोड (दोन, आठ, सोळा अशा पायांच्या पूर्णांकांचा) लागलाय, तिथे अपूर्णांक कापला जातो. ‘मोड’, १.

परीक्षेआधी सगळी सेटिंग एकदम मूळ जागी आणायची सोय आहे का? पोरं एकमेकांचे कॅल्क्युलेटर घेतात, काय लावून ठेवलंय कळत नाही.
– एक आई, गिरगाव

आहे. ९९१ईएस प्लसवर ‘शिफ्ट’, ९, १, मग ‘बरोबर’ आणि शेवटी ‘एसी’. टीआय-८४ वर ‘सेकंड’ आणि अधिक, मग ७, त्यातला २ क्रमांक ‘डिफॉल्ट्स’, आणि पुन्हा २ ने होकार. इथे १ क्रमांक दाबू नका, तो मेमरीतले सगळे प्रोग्रॅम आणि याद्या पुसतो, परत येत नाहीत.

मूळ जागी आणल्यावरही एक पाहणी करावीच लागेल. कॅसिओ ९९१ मूळचा डिग्रीत असतो, टीआय-८४ रेडियनमध्ये. म्हणजे मुलीने टीआय रिसेट केला की मुलुंडच्या पालकांसारखं −.९८८ पुन्हा समोर येणार. रिसेट झाल्यावर साइन ९० टाकून बघा. १ आलं तर डिग्री, .८९३९ आलं तर रेडियन.